कारणाचा रकाना

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या वहीला पाच रकाने होते. तारीख, किलोमीटर, लक्षण, कारण, उपाय. लाल कापडी पाठीची, जमाखर्चाला वापरतात तशी लांबट वही. पहिल्या पानावर वर ‘श्री’, खाली ‘मोटार’, आणि त्याखाली नोव्हेंबर 1974 ची पहिली नोंद. लक्षण : सकाळी स्टार्टर फिरत नाही, नुसता टक आवाज. कारण : बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट थर. उपाय : गरम पाण्याने धुऊन घट्ट केले, व्हॅसलीन लावले.

घरात आम्ही सात भावंडं, तीन सख्खी, चार चुलत. सातही जणांची बोटं त्या वहीला लागली आहेत. काही पानांवर ग्रीसचे ठसे आहेत, एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ आहे, आणि एका पानावर धाकट्या चुलतबहिणीने काढलेली मोटार आहे, तिला पाच चाकं. अण्णांनी ते पान फाडलं नाही. त्याच्याच खाली त्यांनी पुढची नोंद केली.

ग्वाल्हेरच्या लष्करातल्या मराठी घरांमधून जे माझ्या वयाचे झाले, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या आठवणीत अशी एक मोटार असेल. कुणाच्या वाड्याच्या देवडीत अँबॅसॅडर असेल, कुणाकडे ती जुनी ‘डुक्कर’ फियाट. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये उज्जैनहून येऊन किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. त्या छावणीचं शहर झालं तरी नाव लष्करच राहिलं. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून आलेली आमची घरं. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि मोटारीच्या बॉनेटखाली दोन्ही. पाना, पक्कड, ठोकळा हे शब्द आमचे. ‘करंट नहीं आ रहा’, ‘कचरा आ गया’ ही वाक्यं पडाव भागातल्या गॅरेजवाल्या उस्तादांची. आम्ही ती जशीच्या तशी घरात आणली आणि आजीसुद्धा पुढे पुढे विचारू लागली, “आला का रे करंट?”

आमची गाडी फियाट 1100, 1968 चं मॉडेल, सहा वर्षं वापरलेली. त्या काळी नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, म्हणून अण्णा आणि काका दोघांनी मिळून जुनीच घेतली. 1089 घनसेंटिमीटरचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढे अखंड बाकासारखी सीट. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनलेली. हीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. आजीला मोटार कुर्ल्याहून आली हे कळलं तेव्हा तिने हळदकुंकू लावताना म्हटलं होतं, “म्हणजे आपल्यासारखीच. तिकडची, आणि इथे नांदायला आलेली.”

नांदवणं हाच शब्द बरोबर होता. कारण तेव्हाची मोटार विकत घेऊन संपत नसे. तिचं खाणंपिणं, तिचं दुखणंखुपणं सगळं घराला कळावं लागे. अण्णा एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकार कार्यालयात होते. आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले. हिशेबात चूक दिसली की आक्षेप काढायचा, आणि पुरावा मिळेपर्यंत तो मिटवायचा नाही, ही त्यांची कामाची रीत. मोटार घरात आल्यावर त्यांनी तीच रीत तिला लावली. लक्षण दिसलं की लगेच लिहायचं. कारण मात्र सापडेपर्यंत लिहायचं नाही. अंदाज लिहायचा नाही, उस्ताद म्हणाले म्हणून लिहायचं नाही. रकाना कोरा राहिला तर राहू दे. त्या वहीतले काही रकाने महिनाभर कोरे होते, एक तर तब्बल सात महिने.

रविवारी सकाळी वाड्याच्या चौकात जुनी सतरंजी अंथरली जायची. तिच्यावर वर्तमानपत्र, शेजारी रॉकेलची परात. आमची कामं ठरलेली. थोरल्या चुलतभावाकडे पाने, माझ्याकडे बॅटरी, म्हणजे हातातली विजेरी. मधल्या दोघांकडे नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन कागदावर मांडायचं काम. मांडायचे ते काढले त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे, म्हणजे लावताना उजवीकडून सुरुवात करायची. एकदा मांजराने कागदावरून धाव घेतली आणि सगळा क्रम विस्कटला. अण्णा रागावले नाहीत. एकेक नट हातात घेऊन, आटे बघून, लांबी बघून त्यांनी तो पुन्हा मांडला. आम्ही चौघं श्वास रोखून बघत होतो. कुठला नट कुठला हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं, फक्त सावकाश बघायला हवं, हे मला त्या दिवशी समजलं.

गाडी चालू होत नसेल तर काय करायचं याचा क्रम पडावाच्या उस्तादांनी शिकवला. ते आठवड्यातून एकदा सायकलवरून घरी यायचे, चौकात उकिडवे बसून चहा घ्यायचे, आणि अण्णांना म्हणायचे, “बाबूजी, इंजन को तीन ही चीज़ चाहिए. करंट, पेट्रोल, हवा. जो नहीं मिल रही, उसी को ढूँढो.” या तीन शब्दांचा आमच्या घरात पाढा झाला होता.

आधी करंट. प्लगची वायर काढायची, लाकडी दांडीच्या पकडीने तिचं टोक इंजिनाच्या धातूपासून बोटाच्या पेराच्या निम्म्या अंतरावर धरायचं, आणि कुणीतरी स्टार्टर मारायचा. निळी, जाड, कडकन उडणारी ठिणगी आली तर करंट चांगला. पिवळट, बारीक आली तर अशक्त. मग पेट्रोल. आधी कॉइलची बारीक वायर काढून ठेवायची, म्हणजे ठिणगी कुठे उडणार नाही. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी नळी सोडवून काचेच्या बाटलीत धरायची आणि इंजिन फिरवायचं. पिचकारीसारखं आलं तर पंप ठीक, थेंबथेंब आलं तर कचरा किंवा पंपाचा पडदा. त्या बाटलीच्या तळाशी कधी पाणी दिसायचं, मण्यासारखं वेगळं, कधी तांबडी माती. आणि हवा. मे महिन्यात आँधी येऊन गेली की एअर क्लीनर झटकल्यावर वर्तमानपत्रावर पिवळी धूळ इतकी पडायची की तिच्यात बोटाने नाव लिहिता येई.

कार्बोरेटरचं जेट म्हणजे पितळेचा एक बारीक स्क्रू, मधोमध केसाएवढं भोक. त्यात कचरा अडकला की तोंडाने फुंकायचं. सुई किंवा तार घालायची नाही, कारण पितळ मऊ, भोक तसूभर जरी मोठं झालं तरी गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिणार. आमच्यातल्या प्रत्येकाने ते जेट डोळ्याजवळ धरून आभाळाकडे बघितलं आहे. गोल, स्वच्छ, टाचणीच्या टोकाएवढं आकाश दिसलं की “साफ आहे!” म्हणून ओरडायचं.

प्लग काढून त्याचं टोक बघणं म्हणजे वैद्याने जीभ बघणं. चहासारखा बदामी रंग असला की सगळं ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओलसर, तेलकट असेल तर रिंगा झिजल्या. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतंय. चारही प्लग सतरंजीवर ओळीने ठेवायचे आणि अण्णा विचारायचे, “यातला आजारी कोण?” उत्तर आधी धाकट्याने द्यायचं, मग त्याच्या वरच्याने, अशी पद्धत होती. थोरला आधी बोलला की धाकटे विचार करायचे थांबतात, असं अण्णा म्हणत.

पावसाळ्यातली एक रात्र आम्हा सगळ्यांना सारखी आठवते. दमट हवेत गाडी ठसकत होती. करंट होता, पेट्रोल होतं, हवा होती, तरी चाल लंगडी. अण्णांनी चौकातले सगळे दिवे घालवायला सांगितले. इंजिन चालू, बॉनेट उघडं, आणि आम्ही भोवताली कोंडाळं करून उभे. डोळे अंधाराला सरावले तशी वायरींच्या अंगावर निळसर जाळी दिसू लागली. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणावर तर बारीक निळी रेघ सतत नाचत होती. टोपणाला केसाएवढी चीर होती, तिच्यात ओल शिरून करंट प्लगकडे जायच्या आधीच निसटत होता. उजेडात ती चीर कुणालाच दिसली नव्हती. आजी दारात उभी राहून म्हणाली, “अगं बाई, हिच्या पोटात दिवाळी आहे.” वहीतल्या त्या नोंदीत कारणाच्या रकान्यात ‘टोपणास चीर’ असं आहे, आणि कंसात ‘अंधारात दिसले’.

आजीचा वाटा हळदीचा. रेडिएटरला बारीक गळती लागली की ती डब्यातून चमचाभर हळद काढून द्यायची. पाण्याबरोबर फिरता फिरता हळद त्या छिद्राशी जाऊन बसे आणि पुढचा मुक्काम गाठता येई. पेट्रोलच्या टाकीला पाझर फुटला तर अंगाचा साबण ओला करून घासायचा, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. हे दोन्ही उपाय वहीत आहेत, पण अण्णांनी त्यांच्यापुढे प्रत्येक वेळी ‘तात्पुरते’ असं लिहिलं आहे, आणि त्याखाली आठवड्याभरात झाळकाम करून घेतल्याची नोंद आहे. तात्पुरत्याला कायम मानायचं नाही, हा त्यांचा कटाक्ष होता.

सुटे भाग मिळवणं हा सगळ्या गोताचा उद्योग होता. दिल्लीला कुणी जाणार असलं की त्याच्या हाती काश्मिरी गेटच्या बाजारासाठी चिठ्ठी. मुंबईची आत्या पंजाब मेलने आली की तिच्या बेसनाच्या लाडवांच्या डब्यात, वेगळ्या कागदात गुंडाळून, पॉइंटचा सेट आणि रोटर निघायचा. डबा उघडल्यावर आमचे हात आधी कुठे जातील यावरून आत्या मुलं ओळखायची.

आता त्या सात महिने कोऱ्या राहिलेल्या रकान्याची गोष्ट.

1981 च्या एप्रिलपासून गाडी दुपारी बंद पडू लागली. सकाळी घंटीसारखी चालू व्हायची. ऊन चढलं, आठ-दहा किलोमीटर झाले, की दोन आचके देऊन गप्प. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला याचं उत्तर पाठ असतं. मे-जूनमध्ये पारा 45 च्या वर जातो, लू वाहते, आणि पंपातलं, नळीतलं पेट्रोल तापून त्याची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ढकलण्यासाठी बनलेला, वाफ त्याला ढकलता येत नाही. म्हणून प्रत्येक गाडीत एक सुरई आणि एक फडकं. ओलं फडकं पंपावर टाकायचं, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं, गाडी चालते. काकांनी सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसांनीसुद्धा सायकल थांबवून सांगितलं. फडकं टाकलं की अर्ध्या तासात गाडी चालूही व्हायची. सगळ्यांचं समाधान झालं होतं.

अण्णांनी लक्षण लिहिलं आणि कारण कोरं ठेवलं.

त्यांना दोन गोष्टी खटकत होत्या. फडकं टाकल्यावर वाफ पाच मिनिटांत बसायला हवी, अर्धा तास का लागतो? आणि ऑक्टोबरच्या शेवटी, हवा गार झालेली असताना, शिवपुरीहून परतताना गाडी अशीच एकदा बंद पडली. तिथे लू नव्हती. त्याच ठिकाणी, रस्त्याच्या कडेला, त्यांनी पेट्रोलची नळी सोडवून बाटलीत धरली. पेट्रोल भरपूर आलं. मग प्लगची वायर धरली. ठिणगी पिवळी, केविलवाणी.

म्हणजे सहा महिने आम्ही चुकीच्या भागाला थंड करत होतो.

करंट अशक्त करणारा भागही काही एकच नाही. कॉइल आहे, पॉइंट आहे, कंडेन्सर आहे, रोटर आहे. काका म्हणाले, चारही नवे आणू आणि बदलून टाकू. अण्णा म्हणाले, मग कारण कुठलं लिहू? त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. शेजारच्यांच्या फियाटची कॉइल एका रविवारी उसनी आणली. दोष तसाच. रोटर बदलला. तसाच. पॉइंट काढले तर त्यांच्या टोकांवर निळसर जळल्याचे डाग आणि एका बाजूला बारीक टेंगूळ. पॉइंट साफ केले, पत्तीने अंतर लावलं, मिलिमीटरच्या चार दशांशांच्या आसपास. तरी दोष राहिला. मग कंडेन्सर.

कंडेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी, एक वायर बाहेर आलेली. पॉइंट उघडतात त्या क्षणी तिथे ठिणगी उडून करंट वाया जाऊ नये, आणि कॉइलमध्ये साठलेला जोर एकदम सुटावा, म्हणून ती डबी असते. आत धातूच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये कागद. जुना झालेला कागद तापला की करंट अडवू शकत नाही. गार झाला की पुन्हा अडवतो. म्हणूनच सकाळी सगळं ठीक आणि दुपारी गाडी गप्प. आम्ही पंपावर फडकं टाकायचो तेव्हा बॉनेट उघडं राहायचं, आणि त्या अर्ध्या तासात ही डबी आपली आपण निवायची.

नवा कंडेन्सर बसवला. गाडी नेली किल्ल्यावर. दुरुस्तीची परीक्षा आमच्याकडे नेहमी उरवाईच्या घाटीत व्हायची. किल्ल्याच्या पश्चिमेच्या त्या दरवाजाकडून रस्ता खडकाच्या कुशीतून वर चढतो. पंधराव्या शतकात, तोमरांच्या काळात कोरलेल्या भल्या थोरल्या जैन मूर्ती दोन्ही बाजूंनी बघत असतात, आणि गाडीला पहिल्या गिअरशिवाय गती नसते. तिथे जी गाडी तापून थांबत नाही ती कुठेच थांबत नाही. मी मागच्या सीटवर लाकडी ठोकळा मांडीवर घेऊन बसलेला, कारण गाडी थांबलीच तर उडी मारून तो चाकामागे लावायचं काम माझं. गाडी एका दमात वर गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. वरून सगळं लष्कर दिसत होतं.

आणि मग अण्णांनी बॉनेट उघडलं, नवा कंडेन्सर काढला आणि जुना परत लावला.

मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. मला रडू आलं होतं. चालती गाडी माणूस मुद्दाम का बिघडवतो? ते म्हणाले, “आज हवा गार आहे. कदाचित जुन्यानेही चढली असती. बघू या.” खाली उतरलो, पुन्हा चढायला लागलो. तिसऱ्या वळणावर दोन आचके, आणि गाडी गप्प. मी ठोकळा लावला. नवा कंडेन्सर बसवला, स्टार्टर मारला, गाडी लगेच चालू. अण्णांनी खिशातून पेन काढलं, वही मूर्तीच्या पायाशी खडकावर ठेवली आणि सात महिन्यांच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं : कंडेन्सर. तपासून.

‘तपासून’ हा एक शब्द मी पुढे जन्मभर बरोबर वागवला. मी मोटारींच्या धंद्यात गेलो नाही. शाळेत शिकवलं. एखादा मुलगा गणितात मागे पडला की शाळेतली बाकीची माणसं चटकन कारण सांगायची : लक्ष नाही, घरचं वातावरण नाही, आळशी आहे. मला प्रत्येक वेळी ओलं फडकं आठवायचं. एका मुलाला फळ्यावरचं दिसतच नव्हतं. एकाला भागाकाराच्या आधीची पायरी कुणी शिकवलीच नव्हती. हे शोधायला दिवस लागतात, आणि ते दिवस रकाना कोरा ठेवून काढावे लागतात. घाईने भरलेला रकाना पुढचं शोधणं बंद करतो.

आमच्या पिढीतल्या इतरांनाही विचारलं तर थोड्याफार फरकाने हेच सांगतील. कुणी पुण्याला डॉक्टर आहे, कुणी इंदूरला बँकेत होती, कुणी परदेशी यंत्रं बनवतो. त्या चौकात आम्हाला कुणी उपदेश केला नाही. मोठी माणसं आपलं काम आमच्यादेखत करत होती आणि त्यात आम्हाला हाताशी घेत होती, एवढंच.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पाच-सात वर्षांत आमच्या गल्लीचं रूप बदललं. माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात आता गाड्यांची रांग लागते आणि लोक लांबलांबून खरेदीला येतात. पॉइंट गेले, कंडेन्सर गेला, कार्बोरेटर गेला. आजच्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत, कमी धूर सोडतात, वर्षानुवर्षं बॉनेट उघडावं लागत नाही, हे चांगलंच झालं. माझा भाचा गाडीच्या खाचेत छोटं यंत्र खोचतो आणि मोबाइलवर दोषाचा आकडा येतो. पण तोही सांगतो की तो आकडा म्हणजे लक्षण. अमुक ठिकाणचा हिशेब जुळत नाही, एवढं यंत्र सांगतं. सेन्सर बिघडला, वायर तुटली की सेन्सर खरं बोलतोय आणि इंजिनच चुकतंय, हे माणसालाच शोधावं लागतं. आकडा बघून भाग बदलणारे पुष्कळ असतात. भाचा तसं करत नाही. वही त्याने वाचली आहे.

अण्णा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गाडी आहे. गेल्या हिवाळ्यात भाच्याने आणि मी मिळून ती पुन्हा रस्त्यावर काढायचं मनावर घेतलं. इंजिन दोन दिवसांत बोललं. ब्रेक मात्र लागेनात.

ब्रेकचं काम आमच्याकडे दोन माणसांचं. नळ्यांत हवा शिरली की पेडल पोचट लागतं, कारण हवा दबते, तेल दबत नाही. ती हवा काढायला एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल पान्याने सैल करायचं. बुडबुडे निघतात. निपल आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा आत ओढली जाते. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या. आणि आमच्या घरी आत बसायची ती आई. तिने गाडी कधी चालवली नाही. पण सत्तावीस वर्षं दर वेळी, पदर खोचून, चपला काढून, ती त्या सीटवर बसली. चाकाशी आडवे झालेले अण्णा म्हणायचे, “दाब... धर... सोड.” ती “धरलंय” म्हणायची. त्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नसत.

भाचा पेडल दाबत होता, मी चाकाशी. तीनदा चारी चाकांची हवा काढली. बुडबुडे कधीच थांबले होते, तरी ब्रेक लागत नव्हते. चौथ्यांदा पुन्हा मागच्या डाव्या चाकाशी गेलो. आई ओसरीवर उन्हात बसली होती. तिचं वय आता चौऱ्याऐंशी. म्हणाली, “मला बसव बरं आत.” भाच्याने हात धरून बसवलं. तिने चपला काढल्या, पाय ठेवला, दाबला आणि तसाच धरून ठेवला. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, “हवा नाहीये रे ही. हवा असली की पेडल पोचट लागतं, पाय उसळतो. हे तसं नाही. हे लागतंय कडक, पण पाय धरून ठेवला की हळूहळू खाली चाललंय. तुझे अण्णा असताना एकदा असंच झालं होतं.”

मी वही आणली. 1993 चा फेब्रुवारी. लक्षण : पेडल धरून ठेवल्यास खाली बसते. कारण : मास्टर सिलिंडरच्या आतील रबर झिजले. दाबलेलं तेल चाकांकडे जायच्याऐवजी रबराच्या बाजूने मागे निसटत होतं. नळ्या धुवून, चाकं उघडून काही मिळालं नसतं. मास्टर सिलिंडर खोलला, रबराची कड हाताला खरखरीत लागली. नवं बसवलं, हवा काढली. आई पुन्हा आत बसली. “दाब,” मी म्हटलं. “धर.”

“धरलंय,” ती म्हणाली. पेडल जागचं हललं नाही.

मग मी जुनं रबर परत बसवलं. आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. पेडल खाली बसलं. नवं लावलं, हवा काढली, पेडल राहिलं.

रात्री नोंद करायला वही उघडली. लक्षण लिहिलं, कारण लिहिलं, उपाय लिहिला. 1993 ची नोंद पुन्हा वाचली. तिथेही हेच पाच रकाने, आणि दोष कुणाच्या पायाला कळला होता ते कुठेच नाही. पट्टी घेतली, पानाच्या उजव्या कडेला एक उभी रेघ ओढली आणि सहावा रकाना केला. वर लिहिलं, ‘कोणी ओळखले’. खाली लिहिलं, आई. मग मागे जाऊन 1993 च्या नोंदीपुढेही तेच लिहिलं. त्याआधी तिला विचारून घेतलं होतं. ती म्हणाली, “हो, तेव्हाही मीच सांगितलं होतं.”